मुद्राक्षराची मालकी : मराठी आरेखनातील मुक्त आणि बंदिस्त आज्ञावली

मुद्रणासाठी आरेखन करणाऱ्या व्यावसायिकाने मुक्तस्रोत आज्ञावली वापरावी की मालकीची वापरावी, या प्रश्नावर गेल्या पंचवीस वर्षांत पुष्कळ लिहिले गेले आहे. (आज्ञावली हा शब्द येथे, व्यवहारात ज्याला सॉफ्टवेअर म्हणतात त्या अर्थाने योजिला आहे.) या लेखनाचे दोन ठरीव साचे आहेत. एका पक्षाच्या मते फोटोशॉप, इलस्ट्रेटर, इनडिझाइन, कोरलड्रॉ यांवर होणारा खर्च वाया जातो, कारण तीच कामे गिंप, इंकस्केप आणि स्क्रायबस यांच्याकडून विनामूल्य करून घेता येतात. दुसऱ्या पक्षाचे म्हणणे असे की, विनामूल्य साधने हौशी माणसास पुरतात. ज्याला छापखान्याकडे काम वेळेवर आणि बिनचूक पोचवावयाचे आहे त्याने धंद्यात रूढ झालेले साधनच घेतले पाहिजे. दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे. तथापि मराठीत आरेखन करणाऱ्याच्या दृष्टीने पाहू गेल्यास हा वाद ज्या भूमीवर उभा आहे ती भूमीच त्याला परकी आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

हा वाद वाढला तो रोमन लिपीच्या मुलखात. तेथे १९६३ मध्ये आस्की ही संकेतावली ठरली आणि हळूहळू बहुतेक यंत्रांनी ती स्वीकारली. अक्षराचे रूप कितीही पालटले तरी त्याची यंत्रातील ओळख पालटत नव्हती. वाद शिल्लक राहिला तो केवळ हत्याराचा : चित्र कोणत्या साधनाने काढावे, पान कोणत्या साधनाने जुळवावे. मराठीत मात्र संगणकावरील जुळणी सुरू झाल्यापासून सुमारे दोन दशके अक्षराची ओळखच एकेका कंपनीच्या ताब्यात होती. म्हणून मराठी आरेखनकारापुढील प्रश्नाचे तीन थर पडतात. अक्षर कोणाचे, फाइल कोणाची आणि हत्यार कोणाचे, हे ते थर होत. आपल्याकडील चर्चा तिसऱ्या थरावर सुरू होते आणि तेथेच संपते.

विवेचन अधांतरी राहू नये म्हणून एक ठिकाण डोळ्यांपुढे ठेवणे बरे. सांगली जिल्ह्याच्या पश्चिम भागातील, वारणेच्या खोऱ्यातील बत्तीस शिराळा हे तालुक्याचे गाव त्यासाठी सोयीचे आहे. मुंबई-पुण्याकडे आरेखनाचा धंदा विभागलेला असतो. बोधचिन्ह करणारा निराळा, पुस्तकाची मांडणी करणारा निराळा, फलक करणारा निराळा. तालुक्याच्या गावी ही सारी कामे एकाच खोलीत आणि पुष्कळदा एकाच माणसाकडून होतात. लग्नपत्रिका, सहकारी संस्थेचा वार्षिक अहवाल, यात्रेचे फलक, शाळेचा हस्तपुस्तिकेवजा अंक, सभेचे निमंत्रण हे सर्व तेथे एकाच संगणकावर घडते. शिराळ्यास नागपंचमीचे प्रसिद्ध निमित्तही आहे. जिवंत नाग पकडण्याच्या प्रथेवर न्यायालयाने निर्बंध घातल्यापासून मंडळांचे स्वागतफलक आणि वनखात्याच्या मनाईच्या सूचना असे दोन्ही प्रकारचे मजकूर तेथे त्या दिवसांत लागतात. दोहोंची भाषा मराठी, लिपी देवनागरी, आणि माध्यम बहुधा तेच फ्लेक्सचे कापड. व्यावसायिक आरेखनाची परीक्षा पाहावयाची तर ती अशा ठिकाणीच पाहावी.

प्रथम किमतीचा मुद्दा बाजूस सारू, कारण तो दिसतो तेवढा वजनदार नाही. लहान गावांतील डीटीपी केंद्रांत मालकीच्या आज्ञावल्यांच्या परवाना नसलेल्या प्रती सर्रास चालत आल्या आहेत, ही गोष्ट धंद्यातील कोणापासून लपलेली नाही. तेव्हा ज्याला कोरलड्रॉ प्रत्यक्षात फुकटच मिळाले आहे त्याला इंकस्केप फुकट मिळते हे सांगण्याने काय साधणार? उलट ‘फुकट’ या शब्दाने मुक्तस्रोताचे नुकसानच झाले. ग्राहकाच्या मनात ते हलक्या मालाच्या पंक्तीला जाऊन बसले. फुकट आणि मुक्त यांतील अंतर किती आहे याचे ताजे उदाहरण म्हणजे ॲफिनिटी. कॅनव्हा कंपनीने २०२४ मध्ये ती विकत घेतली आणि २०२५ मध्ये विनामूल्य करून टाकली. तिला दाम पडत नाही. पण तिचा मूळ स्रोत बंद आहे, तिच्या फाइलची रचना बंद आहे, आणि दानाचा निर्णय फिरविण्याचा अधिकार दात्याकडेच आहे. मुक्तस्रोताच्या चळवळीचा उगम पाहिला तरी हेच दिसते. रिचर्ड स्टॉलमन हे अमेरिकेतील एमआयटीच्या प्रयोगशाळेत असताना तेथे झेरॉक्सचे एक छपाईयंत्र आले. कागद अडकला की वापरणाऱ्यास तशी सूचना मिळावी म्हणून त्यांना त्याची आज्ञावली सुधारावयाची होती. परंतु तिचा स्रोत त्यांना मिळाला नाही. १९८३ मध्ये त्यांनी ग्नू प्रकल्पाची घोषणा केली तिच्या पूर्वेतिहासात ही तक्रार आहे. पैशाचा प्रश्न तीत नव्हता. स्वतःच्या छपाईयंत्राची दुरुस्ती स्वतःस करता येत नाही, हे दुखणे होते. मुद्रणव्यवसायातील वाचकास ते चटकन कळावे.

आता पहिल्या थराकडे, म्हणजे अक्षराकडे, वळू. येथे थोडे मागे जाणे अवश्य आहे.

खिळ्यांच्या काळात अक्षराची मालकी ही सरळ गोष्ट होती. अमेरिकन मिशनच्या मुंबईतील छापखान्यात टॉमस ग्रॅहम यांच्या हाताखाली वाढलेल्या जावजी दादाजींनी १८६४ मध्ये खिळे पाडण्याचा कारखाना काढला आणि १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना सुरू केला. राणूजी रावजी आरू यांनी कोरलेल्या ठशांवरून पाडलेले तेथील खिळे देशभर गेले. ज्याने ते वजनावर विकत घेतले त्याच्या मालकीचे ते होत. तो ते कोणत्याही यंत्रावर चढवी, दुसऱ्या कारखान्याच्या खिळ्यांशी मिसळी, झिजले की वितळवून टाकी. निर्णयसागराने आपले खिळे कोणत्या यंत्रावर चालावेत याची अट घातली नाही, आणि घातली असती तरी ती अमलात आणण्याचा उपाय त्याच्यापाशी नव्हता. लायनोटाइपने प्रथम अक्षर यंत्राला बांधले. त्याच्या मातृका त्याच यंत्रात चालत. तरीही छापलेल्या कागदावरचे अक्षर डोळ्यांनी वाचता येई, आणि पुढील आवृत्तीसाठी जुळारी ते वाचूनच पुन्हा जुळवी. मजकूर एकदा छापला की सर्वांचा होत असे. (कृष्णा-वारणेच्या या टापूला छपाईच्या देखणेपणाची ओळख नवी नाही. १९२० मध्ये किर्लोस्करवाडीहून निघालेल्या ‘किर्लोस्कर खबर’चे संपादक शं. वा. किर्लोस्कर हे स्वतः चित्रकार होते; त्या मासिकाच्या मुखपृष्ठांचा आणि मांडणीचा इतिहास कोणी अभ्यासकाने स्वतंत्रपणे लिहावा एवढा मोठा आहे.)

संगणक आला तेव्हा स्थिती पालटली. त्या वेळच्या फॉन्टमध्ये २५६ जागा असत, आणि त्यांतील काही यंत्राच्या स्वतःच्या कामासाठी राखीव. मराठीच्या बाराखड्या आणि जोडाक्षरे तेवढ्यात बसणे अशक्य. म्हणून फॉन्ट करणाऱ्यांनी अक्षरांचे तुकडे केले : अर्धा श, निराळा काना, निराळी वेलांटी, निराळा रफार, आणि हे तुकडे रोमन अक्षरांच्या जागी बसविले. अडचणीतून काढलेला हा मार्ग हुशारीचा होता यात शंका नाही. जुन्या खंडित खिळ्यांच्या पद्धतीचीच ती नवी आवृत्ती होती. परंतु कोणता तुकडा कोणत्या जागी बसवावा याविषयी एकवाक्यता नव्हती. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी, सी-डॅकची आयएसएम, आकृती, कृतिदेव या प्रत्येकाची वाटणी वेगळी. भारतीय मानक संस्थेने १९९१ मध्ये इस्की ही संकेतावली प्रमाण म्हणून प्रसिद्ध केली होती. पण पानांची जुळणी करणारे दुकान ज्यावर चालत होते ते फॉन्ट आपापल्या वाटणीनेच चालत राहिले.

याचा परिणाम काय झाला हे पाहण्यासाठी ‘शिराळा’ हे नावच घ्यावे. कृतिदेव फॉन्टमध्ये हा शब्द जुळविला की कागदावर बिनचूक उमटतो. यंत्राच्या स्मरणात मात्र काय असते? रोमन लिपीतील एफ, मग उभे अवतरणचिन्ह, मग के, जे, के, मोठा जी, आणि पुन्हा के. एफ ही ऱ्हस्व वेलांटी. ती उच्चारात नंतर येत असूनही डोळ्यांना आधी दिसते म्हणून आधी ठेवलेली. अवतरणचिन्ह हा अर्धा श. त्यापुढील के हा काना. पण तो आकाराचा काना नसून श पुरा करणारा दंड आहे. त्याच शब्दात पुढे दोनदा येणारा के मात्र खराच काना आहे. एकाच खुणेची दोन कामे, आणि त्यांतील भेद यंत्रास ठाऊक नाही. फॉन्ट काढून घेतला की गावाचे नाव नाहीसे होते आणि एक निरर्थक रोमन ओळ उरते. हाच शब्द श्रीलिपीत जुळविला तर ओळ निराळी आणि तितकीच निरर्थक. यातील काही आज्ञावल्या संगणकाला लावावयाच्या कुलपाशिवाय, ज्याला धंद्यात डाँगल म्हणत, चालत नसत. कुलूप हरवले तर अक्षर हरवले. १८६९ मधील छापखानदार ज्या अर्थाने आपल्या अक्षरांचा मालक होता त्या अर्थाने १९९९ मधील डीटीपीवाला नव्हता.

युनिकोडने ही स्थिती मुळातून बदलली. १९९१ मध्ये त्याची पहिली आवृत्ती निघाली तीतच देवनागरीला १२८ जागांचा स्वतंत्र विभाग होता. त्यात ‘शिराळा’चे सहा संकेत होतात : श, वेलांटी, र, काना, ळ, काना. तुकडे जोडून रूप घडविण्याचे काम फॉन्टकडे आणि जुळणीच्या आज्ञावलीकडे गेले; ओळख मात्र सर्वांसाठी एकच झाली. युनिकोड मराठीसाठी आरंभापासून निर्दोष होते असे समजण्याचे कारण नाही. ‘ॲ’ हे मराठीस नित्य लागणारे अक्षर त्यात २००८ मध्ये आले. ‘खोऱ्यात’ या शब्दातील अर्धा र, ज्यावाचून आचार्यास दिलेली दक्षिणा आणि आचाऱ्यास दिलेली मजुरी यांतील भेद कळत नाही, तो दोन वेगवेगळ्या रीतींनी लिहिता येतो. परिणामी शोध घेताना एका रीतीने लिहिलेला शब्द दुसऱ्या रीतीने सापडत नाही. वारणेच्या खोऱ्यातील कोणत्याही गावाच्या अहवालात हा शब्द येणारच. पण या दोषांची चर्चा उघड्यावर करता येते, सुधारणा मागता येते आणि ती सर्वांस लागू होते. कंपनीच्या वाटणीतील दोष त्या कंपनीच्या मर्जीवर असे.

केंद्र सरकारने नोव्हेंबर २००९ मध्ये प्रशासनासाठी युनिकोड हे मानक म्हणून स्वीकारले. फलकांच्या आणि पत्रिकांच्या धंद्यात मात्र जुने फॉन्ट त्यानंतरही दीर्घकाळ टिकले. याचे कारण अज्ञान असे सांगण्याची पद्धत आहे. ती अन्यायाची आहे. खरे कारण हत्यारात होते, आणि त्याकडे आपण पुढे येऊच.

दुसरा थर फाइलचा. याविषयी पेजमेकरचा इतिहास पुरेसा बोलका आहे. ऑल्डस कंपनीची ही आज्ञावली १९८५ मध्ये निघाली, १९९४ मध्ये ॲडोबीकडे आली, आणि महाराष्ट्रात असंख्य पुस्तकांची, नियतकालिकांची व अहवालांची पाने तीत जुळविली गेली. २००१ मधील सातवी आवृत्ती शेवटची ठरली. २००४ मध्ये तिचा विकास थांबल्याचे कंपनीने जाहीर केले. इनडिझाइनमध्ये या फाइली उघडण्याची सोय काही वर्षे होती. २०१२ च्या सीएस ६ या आवृत्तीपर्यंत ती राहिली. २०१३ पासून कंपनीने नव्या आवृत्त्या केवळ वर्गणीवर देण्यास आरंभ केला, आणि त्या नव्या इनडिझाइनमध्ये पेजमेकरची फाइल उघडतच नाही. म्हणजे मराठी ग्रंथाच्या एका पिढीवर दुहेरी कुलूप पडले. बाहेरचे कुलूप फाइलचे. ते कसेबसे उघडले तर आत फॉन्टच्या वाटणीचे दुसरे. जुन्या पुस्तकाची नवी आवृत्ती काढताना प्रकाशकाला सारा मजकूर पुन्हा टंकलिखित करून घ्यावा लागतो आणि मुद्रिते पुन्हा तपासावी लागतात, त्याचे मूळ येथे आहे. खिळे वितळविले तरी छापील प्रत उरत असे, आणि आजही शेवटी छापील प्रतच उपयोगी पडते. तीस वर्षांच्या यांत्रिक प्रगतीनंतर जुळारी पुन्हा कागद समोर ठेवून जुळवीत बसतो.

रंगाच्या बाबतीतही असेच घडले. २०२२ मध्ये ॲडोबी आणि पँटोन यांच्यातील व्यवस्था बदलली आणि ज्यांनी पँटोनची वेगळी वर्गणी भरली नव्हती त्यांच्या जुन्या फोटोशॉप फाइलींतील ते रंग काळे दिसू लागले. २०२३ च्या आरंभी टाइप-वन या जातीच्या फॉन्टांना ॲडोबीच्या आज्ञावल्यांनी निरोप दिला. दोन्ही गोष्टी कंपनीच्या हक्कातील होत्या आणि आधी कळवून केलेल्या होत्या. त्यात फसवणूक कोठेच नाही. तरीही काल स्वतः केलेले काम आज उघडेल की नाही हे दुसऱ्याच्या निर्णयावर राहते, एवढे त्यातून दिसतेच.

उलट इंकस्केपची मूळ फाइल एसव्हीजी या रचनेची असते, आणि ती रचना जागतिक जालाच्या मानकसंस्थेने २००१ मध्ये सर्वांसाठी प्रसिद्ध केलेली आहे. उद्या इंकस्केप बंद पडले तरी त्या फाइलीतील ‘बत्तीस शिराळा’ ही अक्षरे साध्या मजकुराच्या आज्ञावलीतही वाचता येतील. स्क्रायबसची फाइलही अशीच वाचनीय असते. येथे एक अपवाद नोंदविला पाहिजे, कारण तो दोन्ही पक्षांच्या सोयीचा नाही. पीडीएफ ही रचना ॲडोबीची, १९९३ ची. पण २००८ मध्ये ती आंतरराष्ट्रीय मानक झाली आणि आज मुक्तस्रोताचे पुरस्कर्तेही तिच्यावाचून एक पान छापखान्याला पाठवीत नाहीत. खासगी कंपनीच्या पोटी जन्मलेली रचना मुक्त होऊ शकते. रचनेचे कूळ कोणते यापेक्षा तिची संहिता सर्वांपुढे आहे की नाही, हे पाहावे.

तालुक्याच्या धंद्यात फाइलीचे जे प्रत्यक्षात होते ते याहून साधे आहे. शिराळ्यासारख्या गावात आरेखन झाले तरी मोठी छपाई पुष्कळदा कराड, सांगली किंवा कोल्हापूर येथे होते. आणि तेथून पहिली सूचना येते, ‘कर्व्ह करून पाठवा.’ समोरच्याकडे तो फॉन्ट नसेल, किंवा कोरलची आवृत्ती निराळी असेल, म्हणून सर्व अक्षरांची बाह्यरेषांत रूपांतरे करून पाठवावयाची. फलकापुरते हे ठीकच आहे. फ्लेक्सचे कापड पावसाळा संपेपर्यंत टिकले तरी पुष्कळ. परंतु हीच सवय अहवालांना, स्मरणिकांना आणि ग्रामदैवतांच्या माहात्म्यपुस्तिकांना लागते. दुकानात जपून ठेवलेली प्रत तीच कर्व्ह केलेली असते. तीत अक्षर हे अक्षर उरत नाही, आकृती होते. शुद्धलेखनाची एक चूक सुधारावयाची तर ओळ पुन्हा जुळवावी लागते. अक्षराची मालकी गेल्याने जडलेली ही सवय युनिकोड आल्यावरही सुटलेली नाही.

आता हत्यारांकडे. मुक्तस्रोताच्या पुरस्कर्त्यांनी येथे जो सढळपणा दाखविला आहे तो समीक्षेत चालणार नाही. ऑफसेटची छपाई चार शाईंची असते : निळसर सायन, मॅजेंटा, पिवळी आणि काळी. गिंप आणि इंकस्केप यांचे अंतर्गत गणित पडद्याच्या तीन रंगांचे आहे. गिंपच्या मार्च २०२५ मधील ३.० या आवृत्तीत चार रंगांचा अंदाज पाहण्याची आणि तशी प्रत काढण्याची सोय सुधारली. पण चार रंगांतच काम करण्याची स्वतंत्र पद्धत त्या आवृत्तीपर्यंत आली नव्हती. इंकस्केपच्या २०२४ मधील १.४ आवृत्तीचीही तीच कथा. हा दोष किरकोळ मानणाऱ्याने एकदा मराठी मजकुराचे पान छापून पाहावे. पडद्यावरचा काळा रंग रूपांतरात चारी शायांत वाटला जातो. चार प्लेटींचे रजिस्टर केसभर चुकले की बारीक अक्षराच्या शिरोरेषेला तांबडी-निळी किनार येते. रोमन अक्षर हा दोष काही अंशी लपविते. देवनागरीची शिरोरेषा ओळीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाते. तेथे दोष लपत नाही. फ्लेक्सच्या छपाईत मात्र हा आक्षेप बहुतांशी गळून पडतो, कारण त्या यंत्राची आज्ञावली रंगांचे रूपांतर स्वतःच करते आणि अक्षरे वीतभर उंचीची असतात. म्हणजे शिराळ्यातील नागपंचमीचा फलक इंकस्केपमध्ये निर्धास्तपणे करता येईल; रंगीत अहवाल त्यात करू नये.

स्क्रायबसला चार रंगांची उत्तम जाण आहे, आणि काळी अक्षरे केवळ काळ्या शाईत ठेवून छापखान्याच्या मानकानुसार पीडीएफ देण्यात ते कोणास हार जाणारे नाही. त्याचा दोष अधिक गंभीर होता. १.४ या स्थिर आवृत्तीत देवनागरीची जुळणी होतच नसे. वेलांटी जागेवर बसत नसे, जोडाक्षर तुटून पडे. २०१७ मधील १.५.३ या प्रायोगिक आवृत्तीत ती सोय आली, आणि स्थिर म्हणून प्रसिद्ध झालेली १.६ आवृत्ती निघाली जानेवारी २०२४ मध्ये. ज्या एकमेव मुक्त साधनावर मराठी पुस्तकाची पाने जुळवावी असे सांगितले जात होते ते साधन तोपर्यंत मराठी नीट लिहीत नव्हते. या काळात मराठी आरेखनकाराने त्याकडे पाठ फिरविली यात त्याचा आळस नव्हता. मालकीच्या बाजूलाही फार मिरविण्यासारखे नाही. इनडिझाइनने भारतीय लिप्यांसाठी जुळणीची पद्धत दिली ती २०१२ मध्ये; कोरलड्रॉच्या जुन्या आवृत्त्या, ज्या लहान दुकानांतून वर्षानुवर्षे चालल्या, युनिकोडचे मराठी मोडून दाखवीत. जुन्या फॉन्टांना चिकटून राहण्याचे खरे कारण हेच. दुकानदारापुढे दोनच मार्ग होते : जुन्या फॉन्टमध्ये दिसायला बिनचूक असलेले ‘बत्तीस’, किंवा युनिकोडमध्ये पाय मोडलेले ‘बत्‌तीस’. गिऱ्हाईक समोर उभे असताना त्याने पहिला मार्ग धरला.

यात एक गमतीची गोष्ट आहे. आज जुळणीचे हे कठीण काम पुष्कळ ठिकाणी हर्फबझ या मुक्तस्रोत आज्ञावलीकडे असते. नाव फारसी आहे; हर्फ म्हणजे अक्षर, बाझ म्हणजे उघडे. ‘एक हरफही काढला नाही’ म्हणणाऱ्या मराठी माणसास त्यातील पहिला शब्द परका वाटू नये. लिब्रेऑफिस, फायरफॉक्स, अँड्रॉइड यांत ती आहेच. पण फोटोशॉप, इलस्ट्रेटर आणि इनडिझाइन यांनीही तिचा आश्रय केला आहे. मालकीच्या दुकानातील देवनागरी आतून मुक्त कारागिराच्या हातची आहे. मुक्त की मालकीची, अशी सरळ रेघ ओढून वाद घालणाऱ्यांनी ही वस्तुस्थिती कोणत्या बाजूस टाकावी?

फॉन्टच्या क्षेत्रात मुक्ततेचा विजय सर्वांत ठळक आहे, आणि तेथेच काही शंका घेतल्या पाहिजेत. गुणवत्तेची शंका मात्र नको. र. कृ. जोशी यांनी मायक्रोसॉफ्टसाठी मंगल हा फॉन्ट केला, जो विंडोजबरोबर घरोघर गेला. त्यांच्याच हातचा रघू हा फॉन्ट मुक्त परवान्याखाली प्रसिद्ध झाला. कलावंत एकच, परवाने दोन. अक्षराच्या वळणात मालकी उमटत नाही. रेड हॅटचा लोहित, मुंबईच्या एक टाइप या गटाचे मुक्त, बलू आणि मोदक, मुंबईच्या आयआयटीतून निघालेला शोभिका, असे फॉन्ट आज कोणासही घेता, वापरता आणि बदलता येतात. आपल्या विद्यार्थ्यांनी प्रबंध जुळविताना शोभिकेचा विचार अवश्य करावा. पहिली शंका अशी की, यांतील अनेकांच्या पाठीशी गूगल, रेड हॅट यांसारख्या बड्या कंपन्यांचा आश्रय होता. अक्षर कोरणाऱ्याला मजुरी कोणीतरी दिलीच पाहिजे; निर्णयसागराला ती खिळे घेणाऱ्यांकडून मिळे, श्रीलिपीला कुलूप घेणाऱ्यांकडून मिळाली, आणि मुक्त फॉन्टला ती आश्रयदात्याकडून मिळते. आश्रयदात्याची आवड संपली तर पुढील अक्षर कोण कोरणार, याचे उत्तर मुक्ततेच्या पक्षाने अद्याप दिलेले नाही. दुसरी शंका रुचीची. बदल करण्याचा परवाना असूनही बदल करणारे फार थोडे. पूर्वी कमल शेडगे यांच्यासारखा कलावंत प्रत्येक नाटकाच्या नावाला स्वतंत्र वळण देई. आज मंडळाचे स्वागत, दहाव्याचे निवेदन आणि दंतवैद्याची पाटी ही तिन्ही एकाच गुबगुबीत बलूत उभी असतात. मुक्त अक्षर सर्वांना मिळाले, आणि सर्वांनी तेच घेतले.

एका बाबतीत मात्र या परवान्याचे मोल मराठीला विशेष आहे. ‘शिराळा’ यातील पहिलेच अक्षर घ्या. श आणि ल यांची मराठी वळणे हिंदीहून निराळी आहेत. राज्य शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने वर्णमाला प्रमाणित करताना देठयुक्त श आणि पाकळीयुक्त ल ही रूपे मान्य केली. १० नोव्हेंबर २०२२ रोजी सुधारित निर्णय निघाला. पुष्कळ फॉन्टांत दोन्ही रूपे असतात. परंतु मजकुराची भाषा मराठी आहे हे जुळणीच्या आज्ञावलीस सांगावे लागते, आणि अनेक आज्ञावल्यांत ते सांगण्याची जागाच नसते किंवा ती कोणास ठाऊक नसते. मग शासकीय सूचनेतही हिंदी वळणाचा श येतो. टायरो या संस्थेने आपल्या मुक्त देवनागरी फॉन्टची मराठीसाठी वेगळीच आवृत्ती काढून ही अडचण टाळली. मालकीच्या फॉन्टमध्ये असा बदल हवा असेल तर मालकाला विनंती करावी लागते; मुक्त फॉन्टमध्ये तो बदल सांगलीतील एखादा कलाशिक्षकही करून घेऊ शकतो आणि नाव बदलून सर्वांना वाटू शकतो. बदलण्याचे स्वातंत्र्य म्हणतात ते हे. हत्यारांच्या चर्चेत ते व्यावसायिकास पोकळ वाटते, कारण इंकस्केपचा स्रोत उघडून पाहण्याची त्याला गरज नसते. अक्षराच्या बाबतीत ते त्याच्या हाताशी असते.

वरील विवेचनातून प्रस्तुत लेखकाचा कौल स्पष्ट व्हावा. हत्याराच्या थरावर आग्रह धरण्यात अर्थ नाही. ज्याचे पोट कोरलड्रॉवर चालते त्याला, परवान्याचा प्रश्न त्याने सोडविला असेल तर, ते सोडण्याचा उपदेश करणे उद्धटपणाचे होईल. उत्तम सुतार कोणत्याही कंपनीचा रंधा वापरतो. अक्षराच्या थरावर मात्र तडजोड नसावी, आणि फाइलीच्या थरावर ती शक्य तितकी कमी असावी. केंद्र सरकारने २०१५ मध्ये मुक्तस्रोत आज्ञावलींविषयी धोरण जाहीर केले. पण ग्रामपंचायत, सहकारी संस्था किंवा विद्यापीठ जेव्हा अहवाल छापून घेते तेव्हा छापखान्याकडून नेमके काय मागावे, हे त्या धोरणाने तिला कळत नाही. मागावयाचे ते थोडेच आहे : छापील प्रतींबरोबर युनिकोडमधील कर्व्ह न केलेला मजकूर, वापरलेल्या फॉन्टचे नाव आणि परवाना, व पीडीएफ. मांडणी कोणत्या साधनात केली हे विचारण्याचेही कारण नाही.

मागील काळाचे काय, हा प्रश्न उरतो, आणि तो या विभागातील संशोधकांच्या कक्षेतील आहे. पेजमेकरच्या पिढीतील मजकूर आज तालुक्यातालुक्यांच्या डीटीपी केंद्रांत जुन्या संगणकांवर आणि ओरखडे पडलेल्या सीडींवर असणार : यात्रांच्या स्मरणिका, संस्थांचे अहवाल, स्थानिक कवींच्या पुस्तिका, ज्यांच्या छापील प्रतीही विरळ झाल्या असतील. जुन्या फॉन्टचा मजकूर युनिकोडमध्ये आणणारे परिवर्तक उपलब्ध आहेत. परंतु ते नेमके मराठीच्या खास जागी अडखळतात. ‘खोऱ्यात’चे ‘खोर्यात’ होते, वेलांटी शेजारच्या अक्षरावर जाते, आणि कोणता के काना व कोणता के दंड हा गोंधळ निस्तरताना एखादे आडनाव बदलून जाते. म्हणून असा संग्रह गोळा करणाऱ्याने फाइलीबरोबर तो फॉन्ट आणि त्याची आवृत्ती मिळविलीच पाहिजे. फॉन्टची वाटणी हाती नसेल तर फाइल मुकी राहते. आणि प्रत्येक फाइलीची निदान एक छापील प्रत शोधून तिच्याशी परिवर्तित मजकूर ओळीने ओळ ताडून पाहिला पाहिजे, कारण गावांची आणि माणसांची नावे बरोबर आली की नाहीत हे ठरविण्याचे दुसरे साधन आपल्यापाशी नाही.